सत्तावन्न टक्के

सत्तावन्न टक्क्यांवर मशीन तिसऱ्यांदा थांबलं, तेव्हा अप्पा माझ्या मागे उभे होते आणि त्यांच्या हातात वही होती.

"थांबलं का?"

"दिसतंय ना."

"मघाशी पण सत्तावन्नच होतं."

"अप्पा, तुम्ही जरा बाजूला बसता का? मागे कुणी उभं राहिलं की मला सुचत नाही."

ते बाजूला बसले. एखाद्या विद्यार्थ्यानं बसावं तसे, गुडघ्यावर वही ठेवून. विद्यार्थी खरं तर त्यांचे असायचे. बार्शीत मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा टायपिंगचा क्लास होता. माझ्या लहानपणी त्या दहा बाय बाराच्या खोलीत आठ टाइपरायटर एकदम खडखडत. मग टायपिंग संपलं आणि अप्पांनी कॉम्प्युटर घेतला. क्लासची पाटी उतरवून 'ठोंबरे अक्षरजुळणी' अशी पाटी लावली आणि लग्नपत्रिका करायला घेतल्या. लग्नपत्रिका, वास्तुशांती, बारसं, पुण्यस्मरण. गावानं मात्र त्यांना मास्तर म्हणणं सोडलं नाही.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या आधीचा रविवार होता. मी चौतीस वर्षांची होते, पुण्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत होते आणि माझं काम होतं दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधणं. त्याचा मला पगार मिळायचा. शिवाय मी पुस्तकं वाचत असे, त्यामुळे पगार न घेताही मी ते काम करत असे. आपल्याखेरीज सगळे कुठे कुठे कमी पडतात, याची माझी यादी तोंडपाठ होती. त्या यादीत अप्पांचं दुकान फार वर होतं.

सकाळीच मी त्यांच्या सगळ्या फाइली वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतल्या होत्या. अकरा हजार फाइली. 'आमचे येथे श्रीकृपेकरून', 'रक्ताचं नातं नसलं तरी', 'हेच आमंत्रण समजून'. एकवीस वर्षांत त्या माणसानं टाइप केलेल्या मजकुरात कुणाला दुसऱ्यांदा वाचावंसं वाटेल असं एक वाक्य नव्हतं. हे मी त्यांना बोलूनही दाखवलं.

"दुसऱ्यांदा कशाला वाचायचं?" अप्पा म्हणाले. "तारीख आणि कार्यालय कळलं की झालं. लोक जेवायला येतात की."

नवी सिस्टिम बसवायची टूम त्यांचीच होती. जुलैत ते दुकानात चक्कर येऊन पडले. शेजारच्या शिंप्यानं, माणिकरावांनी उचलून दवाखान्यात नेलं. आणि मला ही बातमी चौथ्या दिवशी, तीही माणिकरावांच्या बायकोकडून कळली. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. मी तेव्हापासून मागे लागले होते की दुकान बंद करा आणि पुण्याला चला. अप्पा दर वेळी नवीन कारण काढत. शेवटचं कारण असं होतं: मशीन जुनं झालंय, घोळ घालतंय, त्याचा ताण येतो, तू एकदा नवी सिस्टिम टाकून दे, मग बघ मला काही होतं का.

"ठीक आहे," मी फोनवर म्हणाले होते. "मी येते आणि बसवते. बसली तर चालवा दुकान, मी परत विषय काढणार नाही. नाही बसली तर शटर खाली आणि माझ्याबरोबर पुणे. कबूल?"

"कबूल की," अप्पा म्हणाले होते.

तर ती आता सत्तावन्न टक्क्यांवर बसली होती. पडद्यावरची निळी पट्टी अर्ध्याच्या जरा पुढे आणि तिच्याखाली फिरणारं एक चक्र, तेही थिजलेलं. मी बटण दाबून मशीन बंद केलं.

मला जे जे येत होतं ते मी केलं. सीडी पुसली. दुसरी सीडी घातली. मशीन उघडून रॅमच्या पट्ट्या काढल्या आणि खोडरबरानं त्यांचे पितळी दात घासले, एक काढून एकच ठेवली, मग जागा बदलल्या. प्रिंटरची केबल काढली, स्कॅनरची काढली. सेटिंगच्या काळ्या पडद्यात जाऊन चार गोष्टी बंद केल्या, दोन चालू केल्या. प्रत्येक वेळी पट्टी निघायची, एखाद्या आज्ञाधारक बाईसारखी पुढे पुढे जायची आणि त्याच उंबऱ्याशी येऊन थांबायची.

"शैला," अप्पा म्हणाले, "मागच्या वेळी पण असंच झालं होतं. दोन हजार चार साली. हे बघ, लिहिलंय मी."

त्यांनी वही उघडून पुढे केली. ती वही मला चांगली माहीत होती. लांबट, पुठ्ठ्याची, आणि आत पट्टीनं आखलेले पाच रकाने: तारीख, बिघाड, कारण, उपाय, कोणी केले. टाइपरायटरची तार तुटली तरी ते लिहीत. पुण्यात मी मित्रमैत्रिणींना या वहीच्या गोष्टी सांगून हसवत असे.

"अप्पा, दोन हजार चार सालचं मशीन वेगळं, सिस्टिम वेगळी. त्याचा काय संबंध?"

"लॉक तेच आहे की."

लॉक म्हणजे मशीनच्या पाठीला लावलेलं आगपेटीएवढं पांढरं डबडं. अप्पांचं मराठी सॉफ्टवेअर त्याच्याशिवाय उघडत नसे. कुणी चोरून वापरू नये म्हणून कंपनीनं केलेली ती सोय होती. त्याच्या दोन बाजूंना दोन स्क्रू होते. अप्पा ते आठ आण्याच्या नाण्यानं पिळून घट्ट करत आणि नाणं खणातल्या एका डबीत परत ठेवत. नुसतं खोचून ठेवायला काय होतं, असं मी एकदा विचारलं होतं. हलतं, मग पिना वाकतात, असं ते म्हणाले होते.

"लॉकला काय कळतंय?" मी म्हणाले. "नुसतं डबडं आहे ते. त्याला डोकं नसतं."

"डोकं नसतं हे खरं," अप्पा म्हणाले, "पण आडवं येतं. एकदा काढून बघ तरी."

"अप्पा, मी रोज हेच काम करते. तुम्ही चहा सांगा."

त्यांनी वही मिटली आणि चहा सांगायला गेले.

चहाबरोबर नागनाथ आवटे आले. मार्केट यार्डात मापाडी. आयुष्यभर धान्याची पोती काट्यावर चढवून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली आलेला होता. त्यांच्या मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या तिथीला होतं, आणि दिवाळीत सगळे पाहुणे गावात येतात तेव्हाच पत्रिका हातोहात द्यायच्या म्हणून त्यांना घाई होती.

"काय मास्तर, झाली का आमची पत्रिका?"

"मशीन उघडून बसलीय आमची इंजिनियर. ती झाली की तुमची."

"मी इंजिनियर नाही," मी म्हणाले. हे मी त्यांना शंभरदा सांगितलेलं होतं.

"ताई, हुईल न्हवं पण?" आवटे माझ्याकडे वळून म्हणाले. "न्हाय, लातूरचं पाव्हणं लई तिरकं हायेत. पत्रिका उशिरा दिली म्हणून रुसत्याल."

"त्यांना फोन करा. फोनवर सांगितलं की येत नाहीत का लोक?"

आवट्यांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पा स्टुलावरून उठून म्हणाले, "नागनाथराव, तोपर्यंत आपण नावं वाचून घेऊ. आणलीत का यादी?"

आवट्यांनी खिशातून शाळेच्या वहीचा घडी घातलेला कागद काढला. हा अप्पांचा नियम होता. गिऱ्हाइकानं प्रत्येक नाव त्यांच्यासमोर उभं राहून मोठ्यानं वाचायचं. मनात वाचलेलं ते धरत नसत.

"किलबिल," आवट्यांनी सुरुवात केली. "चिरंजीव स्वराज. कुमारी आराध्या. चिरंजीव शंभू. कुमारी ईश्वरी. चिरंजीव शंभू—"

"दोन शंभू आहेत का?"

"दोन हायेत. एक थोरल्या मेव्हण्याचा, एक धाकल्याचा. आडनाव लावा म्हंजी भांडण न्हाय."

"पुढे."

पुढे एकवीस नावं होती. 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' हे वाक्य ज्यांच्या तोंडी घालायचं त्या एकूण सव्वीस मुलांची हजेरी त्या दुपारी घेतली गेली.

"लग्न आहे का पटपडताळणी?" मी पडद्याकडे बघतच म्हणाले.

आवटे हसले. "ताई, एक नाव राहू द्या, आख्खी भावकी जेवायची न्हाय."

"न जेवेना. अन्न वाचेल."

आवटे या वेळी हसले नाहीत. अप्पा माझ्या बाजूनं बोलले नाहीत आणि विरुद्धही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "परत एकदा, नागनाथराव. ईश्वरीपासून. मनात वाचलं की माणूस त्याला पाहिजे तेच वाचतो."

मी कानात इयरफोन घातले.

दोन वाजता अप्पा डबा आणायला घरी गेले. घर पंधरा मिनिटांवर होतं. सकाळी पाचला उठून त्यांनी माझ्यासाठी शेंगदाण्याची आमटी आणि भाकरी केल्या होत्या, त्या गरम करून आणायच्या होत्या. आवटेही गेले. मी एकटीच उरले, आणि सातव्यांदा पट्टी सत्तावन्नवर थांबली.

मी दाराकडे पाहिलं. मग उठून मशीनच्या मागे गेले. स्क्रू घट्ट होते. घराच्या किल्लीनं फिरवले. लॉक काढलं, टेबलावर ठेवलं आणि मशीन चालू केलं.

पन्नास. चोपन्न. छप्पन्न. सत्तावन्न.

अठ्ठावन्न.

मी खुर्चीत बसले नाही, उभीच राहिले. एकसष्ट. पासष्ट. चक्र गरगर फिरत होतं. मला जे वाटलं ते आनंद नव्हता, सुटकाही नव्हती. माझी मान तापली. जणू माझ्या वर्गातला सगळ्यात मागचा मुलगा बरोबर उत्तर देऊन गेला होता आणि ते उत्तर त्याच्या पट्टीनं आखलेल्या वहीत सात वर्षांपासून लिहिलेलं होतं. अडुसष्ट. आता अप्पा येणार, पडद्याकडे बघणार आणि म्हणणार, "लॉकच होतं ना?" चेष्टेनं म्हणणार नाहीत, साधंच म्हणतील, आणि वही उघडून लिहायला घेतील. मग दुकान चालूच राहील, आणि मी पुण्याला जाऊन पुढच्या चक्करच्या फोनची वाट बघत बसेन.

एकाहत्तर.

बाहेर माणिकरावांशी बोलण्याचा त्यांचा आवाज आला. "आहे आत. सकाळपासून पाणीसुद्धा प्याली नाही."

मी बटण दाबलं. पडदा काळा झाला. लॉक उचलून जागच्या जागी खोचलं. स्क्रू फिरवायला वेळ नव्हता.

"काय झालं?" अप्पांनी दारातूनच विचारलं.

"संपलं. मदरबोर्ड गेला. आता यात काही बसणार नाही."

त्यांनी डबा टेबलावर ठेवला. काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लॉक काढून बघितलं का?"

"बघितलं. काही फरक नाही."

"बघितलंस ना," ते म्हणाले. "मग झालं."

त्यांनी डबा उघडला. पहिली भाकरी मला वाढली. जेवण झाल्यावर त्यांनी मशीनवर आईनं शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर घातलं, कोपरे नीट ओढले आणि शटर खाली घेतलं. वाटेत एकदाच बोलले. "आवट्यांना सांगावं लागेल. माणूस अडून राहिलाय."

सोमवारी माझी रजा होती. अप्पा साडेआठला घरून निघाले. "आवट्यांना सांगून येतो, दुसरीकडून करून घ्या म्हणून." परत आले ते दीड वाजता. मी चिडले होते. माझी बस तीनची होती.

"एवढा वेळ?"

"बसवून घेतलं त्यांनी. चहा, पोहे. मुलीच्या लग्नाचं घर आहे." पायजम्याच्या गुडघ्यांवर धूळ होती, ती त्यांनी झटकली. मग माझ्यासमोर कॉटवर बसले. "शैला, येतो मी. दिवाळी झाली की."

"खरंच?"

"मशीनच नाही म्हटल्यावर इथं काय करू? तुझ्याकडं खिडकीपाशी एक टेबल ठेवता येईल का?"

मी जिंकले होते, आणि जिंकलेल्या माणसाला येतो तसा मला उदारपणा आला. टेबल काय, मी त्यांना अख्खी खोली देऊ केली. नवीन लॅपटॉप देऊ केला. आजकाल फोनवरसुद्धा मराठी टाइप होतं, लॉकबिक काही लागत नाही, मी शिकवीन तुम्हाला, असं म्हणाले. ते ऐकत होते आणि "बरं" म्हणत होते. स्टँडवर बस सुटेपर्यंत उभे राहिले. खिडकीतून चिवड्याची पिशवी देताना म्हणाले, "पोचलीस की फोन कर." मी पोचल्यावर मेसेज केला. फोन केला नाही.

मंगळवारी सकाळी सव्वासातला माणिकरावांचा फोन आला. नळाला पाणी आलं होतं, अप्पांची बादली भरून अंगणात लोट वाहत होता, म्हणून शेजारीण ओरडत आत गेली होती.

मृत्यूनंतरचे दिवस माणसाला माणसांविषयी फार काही शिकवतात, असं पुस्तकांत वाचलं होतं. मला एवढंच कळलं की लोकांकडे तीनच वाक्यं असतात. 'हाल झाले नाहीत', 'पुण्यवान माणूस' आणि 'तू तरी होतीस का शेवटी?' पहिलं वाक्य म्हणणारे मी मोजत होते. एकोणिसाव्याला उठून आत गेले. काकांनी मला तिथे गाठलं. उत्तरकार्याची पत्रिका छापायची होती, आणि अप्पांचा चांगला फोटो घरात एकही नव्हता.

"दुकानात असेल बघ," काका म्हणाले. "त्यानं गावातल्या सगळ्या मेलेल्यांचे फोटो साफ करून दिले, स्वतःचा ठेवला असेल एखादा. आणि मजकूर तूच लिही, तुझं मराठी चांगलं आहे."

शनिवारी दुपारी मी दुकान उघडलं. शटर अर्ध्यावरच ठेवलं; कुणी आत यायला नको होतं. फोटो खणात असेल म्हणून खण ओढला. नाण्याची डबी उघडी होती आणि आत नाणं नव्हतं.

नाणं टेबलावर होतं, मशीनच्या शेजारी.

मी कव्हर उचललं आणि मशीनच्या पाठीमागे वाकून बघितलं. लॉक होतं. मी नुसतं खोचून ठेवलेलं लॉक दोन्ही बाजूंनी घट्ट पिळलेलं होतं. नखानं फिरवून पाहिलं, हललं नाही.

मशीन चालू करायला मला किती वेळ लागला ते आठवत नाही. चालू केलं तेव्हा ते सरळ सुरू झालं. नव्या सिस्टिमचा स्वच्छ निळा पडदा आला. कोपऱ्यात तारीख आणि वेळ बरोबर. मधोमध एकच फाइल होती: 'आवटे लग्न अंतिम'. सेव्ह केल्याची वेळ सोमवार, बारा वाजून चाळीस मिनिटं. मी ती उघडली. गणपती, मजकूर, मुहूर्त, आणि खाली किलबिल. सव्वीसच्या सव्वीस. दोन्ही शंभूंना आडनावं लावलेली.

म्हणजे दीड वाजता कॉटवर बसून "मशीनच नाही म्हटल्यावर" असं ते मला म्हणाले, तेव्हा मशीन चालू होऊन, पत्रिका होऊन, प्रिंट निघून पाऊण तास झालेला होता.

वही नेहमीच्या जागी होती. शेवटचं पान उघडून मी पहिला रकाना वाचते आहे तोच शटरखालून कुणीतरी वाकून आत आलं.

"ताई? मी नागनाथ आवटे. उघडं दिसलं म्हणून आलो."

त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. ते आत आले आणि उभेच राहिले. स्टुलाकडे बघितलं, पण त्यावर बसले नाहीत.

"घरी यायला पाहिजे हुतं. पन पिशवीत पत्रिका हायेत, कुंकू लावलेल्या. सुतकाच्या घरात कशा आणायच्या?" त्यांनी पिशवीकडे पाहिलं. "पहिली देवापुढं ठिवली. दुसरी मास्तरांना द्यायची, असं मी सोमवारीच बोललो हुतो त्यांना. आता काय करावं कळंना. दुकानाला सुतक असतं का वो, ताई?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "ठेवा."

त्यांनी पिशवीतून एक पत्रिका काढली आणि स्टुलावर ठेवली. नीट मधोमध.

"तुमचं लई उपकार झालं बघा," ते म्हणाले.

"माझे?"

"तर! सोमवारी सकाळी आलो तवा मास्तर खाली बसून मशीनच्या मागं काय तरी करत हुतं. म्हटलं, मास्तर, झालं का न्हाय? तर म्हनले, झालं, पोरीनं काल दिसभर उपाशी बसून बसवलं सगळं, मी आपला शेवटचा स्क्रू पिळतोय. लई खुशीत हुते. म्हनले, नागनाथराव, ही आता शेवटची पत्रिका. पोरगी बोलावतीया. मी म्हटलं, मशीन चांगलं चालू झालं आन् आता कशाला जाताय? तर हसले."

"काय म्हणाले?"

"म्हनले, तिनं लई धडपड केली वो मला न्यायची. आता न्हाय म्हणलं तर बरं दिसत न्हाय."

मी वहीकडे पाहिलं.

"काय लिवलंय त्यात?" आवट्यांनी विचारलं. "मास्तर लिवत हुतं खरं काय तरी. मी पत्रिका वाचून दाखवली, नंतर वही काढली त्यांनी."

मी वाचून सांगायला लागले. त्या खोलीत उभं राहून मोठ्यानं काही वाचायची माझी ती पहिलीच वेळ होती; तिथे वाढले, पण तो नियम मी कधी स्वतःला लावून घेतला नव्हता.

"तारीख, सोमवार. बिघाड, नवी सिस्टिम सत्तावन्न टक्क्यांवर थांबते. कारण, लॉक. उपाय, लॉक काढून सिस्टिम बसवणे, नंतर लॉक लावणे, स्क्रू घट्ट करणे. कोणी केले—"

पुढचा शब्द अप्पांच्या सुवाच्य मास्तरी अक्षरात, रकान्याच्या बरोबर मध्ये, लिहिलेला होता.

"कोणी केले, शैला."

"मग, तेच की," आवटे म्हणाले.

"चूक आहे ही," मी म्हणाले. "नाव चुकलंय, आवटेकाका. मी नाही बसवलं. माझ्या हातून एकदा चालू झालं होतं, एकाहत्तरपर्यंत गेलं होतं. ते मी बंद केलं. आणि मशीन बिघडलं म्हणून त्यांना सांगितलं. लॉक काढून बघितलंस का म्हणून विचारलं त्यांनी मला. मी खोटं बोलले."

आवट्यांना सगळं कळलं असेल असं नाही. त्यांनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मग त्यांचा चेहरा बदलला, रविवारी मी अन्न वाचेल म्हणाले तेव्हा बदलला होता तसा.

"ते मला कशाला सांगताय, ताई," ते म्हणाले. "मास्तरांना सांगायचं हुतं."

ते वाकून शटरखालून निघून गेले. त्यांच्या वहाणांचा आवाज रस्त्यावर जाईपर्यंत मी थांबले. मग स्टुलाकडे वळले. त्यावर कुंकू लावलेली पत्रिका होती.

"लॉकच होतं, अप्पा," मी म्हणाले. आवाज बारीक आला, मनातल्या मनात म्हटल्यासारखा. तो त्यांनी धरला नसता. म्हणून मी परत एकदा, मोठ्यानं म्हणाले.

"लॉकच होतं. तुम्ही म्हणत होता तेच."